शिस्त आणि नेम : एकबारी रायफलीची कथा

मराठीत 'शिस्त' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वागण्यातील नियमितपणा हा पहिला अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा, आता मागे पडत चाललेला अर्थ म्हणजे बंदुकीचा नेम. 'शिस्त धरून बार काढला' असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा त्यांना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारीच्या एकबारी रायफलीचा जो विकास इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेत झाला, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. आणि काही प्रसंगी ते एकमेकांपासून फारकत घेतानाही दिसतात. त्या विकासाचा आणि त्या फारकतीचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा विषय आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या घराण्यांत संस्थानी काळातील एखादी बंदूक परवान्यासह जपलेली आढळते. 'मार्टिनी', 'एक्स्प्रेस', 'दुनळी' ही नावे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. नावे टिकली, परंतु नळीवर उभी राहणारी ती लहान लहान पाने कशासाठी, त्यांवर शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे का कोरले, माशी कुठे हस्तिदंताची तर कुठे पोलादाची का, हे ज्ञान मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले नाही. वस्तू वारशाने येते, तिच्यामागचा विचार आपोआप येत नाही.

एकबारी रायफल म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल. तिला काडतुसांची पेटी नसते. बार उडाला की कळ खाली ओढावयाची, रिकामे काडतूस बाहेर काढावयाचे, दुसरे हाताने घालावयाचे. एवढ्या अवधीत सावज दृष्टीआड होते, आणि सावज हिंस्र असेल तर ते अंगावर येते. म्हणून या हत्यारात अचूकतेला जे मोल होते ते नंतरच्या पेटीच्या रायफलीत राहिले नाही.

नळीचा पीळ

अचूकतेची कथा नळीपासून सुरू होते. ठासणीच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या, तर गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते, हे युरोपातील कारागिरांना फार पूर्वीच कळले होते. परंतु हा पीळ किती असावा, नळी किती रुंद असावी, गोळी किती लांब असावी, याचे पद्धतशीर मोजमाप मँचेस्टरचे यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५०च्या दशकात केले. ब्रिटिश फौजेची १८५३ची एनफील्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची होती व तिच्या नळीत अठ्ठ्याहत्तर इंचांत एक फेरा होता. व्हिटवर्थ यांनी ०.४५१ इंचांची षट्‌कोनी नळी घेतली आणि वीस इंचांत एक फेरा ठेवला. हाइथ येथे १८५७ साली दोहोंची तुलना झाली, तेव्हा पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे ०.३७ फूट भरले. १८६०च्या जुलैत विंबल्डनच्या मैदानावर पहिल्या राष्ट्रीय नेमबाजी संमेलनाचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झाले. घोडीवर पक्की बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी राणीने ओढली, आणि चारशे यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली.

या प्रसंगाने सर्वसामान्यांचे डोळे दिपले हे खरे. परंतु ती रायफल घोडीवर बसविलेली होती, तिचा नेम कारागिरांनी आधीच साधून ठेवलेला होता, आणि लक्ष्य हलत नव्हते. या तिन्ही गोष्टी रानात नसतात. मैदानावरची अचूकता आणि रानातील अचूकता यांतील अंतर प्रथम स्पष्टपणे मांडले ते आपल्या परिचयाच्या प्रदेशात फिरलेल्या एका अधिकाऱ्याने.

निमाडातील आक्षेप

कॅप्टन जेम्स फोर्साइथ हे बंगाल स्टाफ कोअरचे अधिकारी. मध्य प्रांत १८६१ साली अस्तित्वात आला, त्यानंतर सातपुड्याच्या अरण्यांची पाहणी करण्याच्या कामावर ते नेमले गेले. पचमढीच्या पठारावरील 'बायसन लॉज' ही वास्तू त्यांनीच उभारली. पुढे निमाड जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचे काम त्यांच्याकडे आले. खांडवा, बऱ्हाणपूर, असीरगड हा मुलूख शिंदे-होळकरांच्या इतिहासामुळे आपल्याला जवळचा. १८७१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते वारले. मध्य भारताच्या अरण्यांवरील त्यांचा विख्यात ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच्या काही वर्षे आधी, १८६३ साली, त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले होते, त्याची आठवण मात्र फारच थोड्यांना असते.

फोर्साइथ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. जोराच्या पिळाची, लांब व जड गोळीची रायफल दूरवर अचूक असते. परंतु तिची गोळी मंद गतीने जाते आणि म्हणून तिचा मार्ग कमानीसारखा उंच होतो. अंतर नेमके ठाऊक असेल तर ही कमान नेमाच्या पानाने भरून काढता येते. रानात अंतर कोण मोजून देणार? सागाच्या झाडीतून बाहेर पडलेला सांबर शंभर यार्डांवर आहे की दीडशे, याचा अंदाज क्षणात करावा लागतो व तो पुष्कळदा चुकतो. तेव्हा शिकाऱ्याला हवी असते ती आखूड पल्ल्यात जवळजवळ सरळ जाणारी गोळी. त्यासाठी दारू जास्त भरावी लागते. दारू जास्त भरली की जोराच्या पिळात मऊ शिशाची गोळी खाचा सोडून सरळ घसरते. म्हणून पीळच मंद ठेवावा, असा त्यांचा उपाय होता. एका पौंड शिशातून चौदा गोळ्या होतील अशा मापाच्या नळीत सुमारे साडेआठ फुटांत एक फेरा पुरे, असे त्यांनी सांगितले. नळी स्वतः जेमतेम अडीच फुटांची, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत तिचा अर्धा फेरासुद्धा पूर्ण होत नसे! आणि तरीही गोल गोळीला स्थिर ठेवण्यास तेवढा पीळ पुरत असे.

मैदानावरच्या नेमबाजांना ही उलटी गंगा वाटली असल्यास नवल नाही. हजार यार्डांवर फोर्साइथ यांची रायफल निरुपयोगी ठरली असती. पण हजार यार्डांवर वाघ मारावयास कोणी जात नाही. रानात गोळी आणि दृष्टिरेषा यांतील फरक काही इंचांच्या आत राहावा, म्हणजे अंतराच्या अंदाजातील चूक मारक ठरू नये, ही त्यांची कसोटी होती. अचूकता ही एकट्या नळीवर ठरत नाही. हत्यार, अंतर आणि माणसाची चूक या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. हा विचार त्या काळी नवा होता, आणि तो सातपुड्यात सुचला ही गोष्ट आपण विसरू नये.

पाने आणि माशी

याच सुमारास विलायतेत 'एक्स्प्रेस' रायफलीचा उदय झाला. लंडनचे बंदूककार पर्डी यांनी १८५६ साली आपल्या वेगवान रायफलींना 'एक्स्प्रेस ट्रेन' असे आगगाडीवरून नाव दिले, आणि 'एक्स्प्रेस' हा शब्द रूढ झाला. गोळी हलकी, दारू भरपूर, वेग मोठा, मार्ग सपाट असे तिचे तंत्र. पीळ व गोळी निराळी असली तरी हेतू फोर्साइथ यांचाच होता.

या रायफलींचा नेम साधण्याची व्यवस्था साधी असे. नळीवर मागच्या बाजूस एक उथळ, रुंद खाच असलेले स्थिर पान; त्याच्यापुढे मिटून ठेवता येणारी दोन-तीन पाने, एकेका अंतरासाठी एकेक. खाचेच्या मध्याखाली चांदीची किंवा प्लॅटिनमची उभी रेघ. नळीच्या टोकाला माशी. नजर खाचेतून माशीवर आणि माशीवरून सावजावर गेली की शिस्त धरली गेली.

खाच उथळ ठेवण्याला कारण होते. खोल खाचेत माशी नेमकी बसते, परंतु खाचेचे उंच कान सावजाचा बराच भाग झाकून टाकतात व धावत्या जनावराचा अंदाज येत नाही. उथळ खाचेत बारकावा थोडा कमी होतो, पण सावज मोकळे दिसते. मैदानावर पहिली चांगली, रानात दुसरी.

माशीची कथाही अशीच आहे. पोलादी माशी काळी, बारीक व नेमकी असते. भर उन्हात पांढऱ्या लक्ष्यावर तिच्यासारखी दुसरी नाही. परंतु संध्याकाळी झाडीच्या काळोखात काळ्या अस्वलावर काळी माशी कशी दिसावी? म्हणून हस्तिदंताचा किंवा चांदीचा मणी बसवू लागले. काही रायफलींवर चंद्रप्रकाशात मचाणावर बसणाऱ्यांसाठी एक मोठा पांढरा मणी घडीव ठेवलेला असे. तो गरजेपुरता उभा करावयाचा. या चकाकत्या मण्यांचा एक दोष अनुभवी शिकारी जाणत. ऊन उजवीकडून आले की मण्याची उजवी कड उजळते, डोळा त्या उजळ कडेलाच मणी समजून खाचेच्या मध्याशी जुळवतो, आणि नळीचे तोंड नकळत डावीकडे वळते. गोळी नेहमी उजेडापासून दूर जाते. यावर उपाय म्हणजे मण्याचा पुढचा पृष्ठभाग गोलाकार न ठेवता सपाट घासणे. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर एखाद्या जनावराचे तत्काळ मरण किंवा रात्रभरची तडफड अवलंबून असे.

१८७४ सालचे दोन प्रसंग

अमेरिकेत याच काळी निराळ्या दिशेने विचार चालू होता. १८७४ या एकाच वर्षातील दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे तो स्पष्ट होतो.

पहिला प्रसंग जूनअखेरचा, टेक्ससमधील अडोबी वॉल्स येथील. रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनांची कातडी मिळविण्यासाठी तेथे शिकाऱ्यांचा तळ पडला होता. मूळ रहिवासी जमातींनी त्या तळावर हल्ला केला. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी बिली डिक्सन या शिकाऱ्याने उसनी घेतलेली शार्प्स एकबारी रायफल उचलून दूरच्या टेकाडावरील घोडेस्वारांवर बार टाकला व एक स्वार खाली पडला. हे अंतर पुढे १,५३८ यार्ड सांगितले गेले, आणि ही कथा अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली. खुद्द डिक्सन मात्र तो नशिबाचा बार होता असेच म्हणत असे.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या २६ सप्टेंबरचा, न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमोर मैदानावरचा. आयर्लंड आणि अमेरिका यांच्या सहा-सहा नेमबाजांचा सामना. आठशे, नऊशे आणि हजार यार्डांवर प्रत्येकी पंधरा बार. आयरिश संघाकडे डब्लिनच्या रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली होत्या. जॉन रिग्बी स्वतः संघात होते. अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टन कारखान्यांच्या, मागून काडतूस भरण्याच्या एकबारी रायफली होत्या. ठासणीची रायफल मागून भरण्याच्या रायफलीहून अधिक अचूक असते असा तोवरचा सार्वत्रिक समज होता. निकाल लागला तेव्हा अमेरिकेचे ९३४ आणि आयर्लंडचे ९३१ गुण झाले. अखेरचा बार कर्नल जॉन बोडाइन यांनी मारला व तो मध्यात लागला. आयरिश संघातील मिलनर यांची एक गोळीही अगदी मध्यात लागली होती. परंतु ती शेजारच्या लक्ष्यावर लागली व तिचे गुण मिळाले नाहीत. तो एक बार योग्य लक्ष्यावर पडता तर सामन्याचा निकाल फिरला असता.

या दोन प्रसंगांत हत्यारे एकाच जातीची आहेत. परंतु डिक्सनचा बार पुन्हा मारून दाखविता आला नसता. क्रीडमोरचे दोनशेसत्तर-दोनशेसत्तर बार हे मोजून, टिपून, वाऱ्याचा हिशेब धरून मारलेले होते. लोकांच्या स्मरणात पहिला प्रसंग राहिला. हत्यारांच्या इतिहासात मोल आहे ते दुसऱ्याचे.

क्रीडमोरच्या रायफलींवरील नेमाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. मागची खाच काढून टाकून दस्त्याच्या मानेवर, डोळ्याजवळ, एक उभी पोलादी पट्टी बसविलेली असे. तिच्यात बारीक छिद्राची तबकडी खालीवर सरके. पट्टीवर व्हर्नियरची मोजणी कोरलेली असे. पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ साली सांगितलेली, एका पट्टीवर दुसरी सरकवून सूक्ष्म भाग वाचण्याची ही युक्ती. माशीच्या जागी एक लहान नळकांडे व त्यात कडे. त्याखाली वारा भरून काढण्यासाठी आडवा स्क्रू. आणि रायफल कलंडली तर कळावे म्हणून गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे थोड्या हिशेबाने कळते. छिद्र आणि माशी यांत चौतीस इंचांचे अंतर आहे असे धरू. छिद्र इंचाच्या एक शतांश भागाने वर केले, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे एक इंच वर जाते आणि हजार यार्डांवर साडेदहा इंच. नळीवरच्या खाचेत हे अंतर वीस इंचांच्या आसपास असते. तेथे तेवढ्याच सरकण्याने शंभर यार्डांवर जवळजवळ पावणेदोन इंचांचा फरक पडतो. म्हणजे नेमाची दोन टोके जितकी दूर, तितकी मोजणी सूक्ष्म. नेमाचे मागचे टोक दस्त्यावर नेण्याचे खरे कारण हेच होते.

डोळ्याचे श्रम

नेमाच्या साधनांचा सगळा इतिहास डोळ्याच्या श्रमांतूनही समजून घेता येतो. उघड्या खाचेत डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. खाच हातभर अंतरावर, माशी दीड हातावर आणि सावज शंभर यार्डांवर. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. त्यामुळे तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे शक्यच नाही. तरुणाचा डोळा झपाट्याने मागेपुढे होऊन वेळ मारून नेतो. चाळिशी लागली की खाच धूसर होते.

यावर अमेरिकेतील विल्यम लायमन यांनी १८७९ साली आपल्या छिद्राच्या साधनाचे स्वामित्व घेतले. क्रीडमोरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे; लायमन यांचे छिद्र मोठे, कडा पातळ, आणि डोळ्याच्या अगदी जवळ. त्यांचे म्हणणे असे, की शिकाऱ्याने छिद्राकडे पाहूच नये. छिद्रातून पाहावे, माशी सावजावर ठेवावी. छिद्राच्या मध्याशी माशी आणण्याचे काम डोळा आपण होऊनच करतो, कारण उजेड तेथे सर्वांत जास्त असतो. तीन गोष्टींच्या दोन झाल्या. पहाटेच्या व संध्याकाळच्या उजेडात मोठे छिद्रच उपयोगी पडते. बारीक छिद्र मैदानावर ठीक, पण रानात दिवस कलला की ते काळोखी होते.

दुर्बिणीने दोनांची एक केली. रायफलीवर दुर्बीण बसविण्याचे प्रयत्न बरेच जुने. मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेले डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने अशा दुर्बिणीवर काम केले, आणि त्यांची दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगास बसविलेल्या व्हिटवर्थ रायफली अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी वापरल्या. न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून लांब, बारीक नळीच्या दुर्बिणी बनविल्या. दुर्बिणीत लक्ष्य आणि तारांची फुली एकाच पातळीवर दिसतात. डोळ्याला मागेपुढे व्हावे लागत नाही.

मग सर्वांनीच दुर्बीण का घेतली नाही? कारण प्रत्येक सोयीची किंमत असते. जुन्या दुर्बिणीत दिसणारा मुलूख अतिशय अरुंद. झाडीत हलते जनावर त्यात सापडतच नसे. पावसाळी हवेत काचेवर बाष्प धरे. मोठ्या बाराच्या धक्क्याने तारा तुटत. अंधूक उजेडात चित्र काळवंडे. माळव्याच्या उघड्या माळावर दूर उभ्या असलेल्या काळविटावर जी दुर्बीण उपयोगी पडली असती, तीच सातपुड्याच्या बांबूच्या बेटात घातक ठरली असती. उघडी खाच, छिद्र आणि दुर्बीण यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न म्हणूनच एकट्याने विचारता येत नाही. 'कोठे, कोणत्या उजेडात आणि कोणाच्या डोळ्यांना' हे प्रश्न त्याच्याबरोबरच येतात.

लष्करी रायफल उसनी घेऊन रानात जाणाऱ्यांना हा धडा लवकर मिळे. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही एकबारीच. तिची यंत्ररचना स्विस अभियंता मार्टिनी यांची, तर नळीच्या सात खाचा एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांच्या. ४८० ग्रेनची गोळी, ८५ ग्रेन दारू, आणि हजार यार्डांपलीकडे वाचणारी शिडी. जिम कॉर्बेट यांनी आपला पहिला बिबट्या बालपणी, कॅडेट म्हणून उसन्या मिळालेल्या ०.४५० मार्टिनीने मारला. तिच्या खांद्यावर बसणाऱ्या लाथेचा त्यांना कधी विसर पडला नाही. शिडीवरचे मोठाले आकडे अशा ठिकाणी काहीच कामाचे नव्हते.

लाकडाचा दाब

नेमाचे साधन उत्तम असूनही गोळ्या इतस्ततः का पडतात, या प्रश्नाने पुढच्या पिढीला छळले. एकबारी रायफलीला येथे जन्मजात फायदा होता. तिची मागची यंत्रणा आखूड असल्याने तेवढ्याच एकूण लांबीत नळी लांब ठेवता येते. स्कॉटलंडच्या जॉन फार्कहर्सन यांनी १८७२ साली स्वामित्व घेतलेली रचना याचा नमुना होय: कळ खाली ओढली की पोलादाचा ठोकळा सरळ खाली उतरतो, काडतूस आत जाते, कळ वर केली की ठोकळा वर येऊन नळी मागून भिंतीसारखी बंद होते. ब्रिस्टलचे जॉर्ज गिब्ज यांनी या रचनेवर, विल्यम मेटफर्ड यांच्या उथळ खाचांच्या नळ्या बसवून, रायफली बनविल्या. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांची अशीच रचना विंचेस्टर कारखान्याने घेतली व १८८५च्या नमुन्याच्या रूपाने बाजारात आणली.

परंतु तिला जन्मजात तोटाही होता. तिचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा खांद्याकडे आणि पुढचा नळीखाली. पुढचा तुकडा नळीला घट्ट बांधला, की लाकूड पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि नळीवरचा दाब बदलतो. बार उडताना नळी तारेसारखी थरथरते. दाब बदलला की थरथर बदलते आणि गोळीची जागा बदलते. सकाळी नेम बरोबर असलेली रायफल दुपारी दोन इंच वर मारू लागते ती यामुळे. फार्कहर्सनच्या प्रेरणेने अमेरिकेत १९६७ च्या सुमारास निघालेल्या रुगर नंबर वन या एकबारी रायफलीतही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिचे पुढचे लाकूड यंत्रणेतून पुढे आलेल्या एका दांड्याला टांगलेले असते; त्या दांड्याचा व लाकडाचा नळीशी स्पर्श किती असावा, यावर तिच्या हौशी धन्यांनी नाना प्रयोग केले. शंभर वर्षांनी साहित्य बदलले, पोलाद सुधारले, दुर्बिणी निर्दोष झाल्या. लाकडाचा स्वभाव मात्र तोच राहिला.

अचूकतेची कमाल मर्यादा गाठली ती अमेरिकेतील हॅरी पोप यांच्या नळ्यांनी. त्यांच्या नळीने कोलोरॅडोतील सी. डब्ल्यू. रोलंड यांनी १६ मे १९०१ रोजी दोनशे यार्डांवर मारलेल्या दहा गोळ्यांच्या केंद्रांमधील सर्वांत मोठे अंतर ०.७२५ इंच भरले. साध्या शिशाच्या गोळ्यांनी, टेकणीवरून, दुर्बिणीच्या साह्याने साधलेला हा विक्रम पुढे कित्येक दशके आदर्श मानला गेला. मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी तर आयुष्याची अनेक वर्षे गोळी भरकटते का, या एकाच प्रश्नावर घालविली व १९०९ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. गोळीच्या टोकापेक्षा तिच्या बुडाचा दोष अधिक नडतो, हा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष. नळीतून शेवटी बाहेर पडते ते बूड. ते तिरके असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो.

शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र दहा गोळ्यांचा झुबका ही दुय्यम गोष्ट होती. मैदानावरचा नेमबाज प्रत्येक बारानंतर नळी पुसतो, वारा पाहतो, पहिली गोळी चुकली तर छिद्र सरकवतो. शिकाऱ्याला मिळते ती थंड नळीतली पहिली गोळी. ती आज, उद्या आणि पुढच्या महिन्यात एकाच जागी पडते काय, हीच त्याच्या रायफलीची परीक्षा. ही परीक्षा एका दुपारी दहा बार मारून होत नाही. दहा निरनिराळ्या दिवशी एकेक बार मारून, कागद जपून ठेवून होते. ते काम कंटाळवाणे असते, म्हणून थोडेच लोक ते करतात.

शिस्तीचा दुसरा अर्थ

येथवर जी चर्चा झाली ती नेमाची. आता त्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळले पाहिजे.

एकबारी रायफल माणसाला आपोआप संयम शिकविते, असे पुष्कळदा म्हटले जाते. एकच गोळी आहे म्हणून तो थांबतो, जवळ जातो, खात्री करतो. त्यात तथ्य आहे. फोर्साइथ, लायमन यांच्या साधनांमागे जखमी जनावर रानात सोडून द्यावे लागू नये हा हेतू होताच. परंतु हेच हत्यार, हीच अचूकता अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात काय करून गेली तेही पाहावे. बायसनच्या शिकाऱ्याजवळ जड शार्प्स रायफल असे व टेकू म्हणून दोन काठ्यांची कैची. तो दूर बसून कळपाच्या पुढारी मादीला आधी टिपी. कळप बुचकळ्यात पडून तेथेच उभा राही, आणि मग शिकारी शांतपणे एकेक बार करीत बसे. प्रत्येक बार शिस्तीचा, प्रत्येक बार अचूक. कोट्यवधींनी मोजली जाणारी ही जनावरे १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी मोजली तेव्हा उत्तर अमेरिकेत अवघी हजाराच्या आसपास उरली होती. एका गोळीची शिस्त तेथे होती. किती मारावयाचे याची शिस्त नव्हती.

आपल्या देशात वेगळे घडले असे म्हणता येणार नाही. संस्थानी काळातील शिकारीच्या कथा आपल्या घराण्यांतून कौतुकाने सांगितल्या जातात. त्यांतील धाडस खरे, कौशल्यही खरे. परंतु त्याच काळात भारतातून चित्ता नाहीसा झाला, आणि वाघाची संख्या इतकी घटली की १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करावा लागला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू करावा लागला. फोर्साइथ ज्या सातपुड्यात फिरले, तेथे आज व्याघ्रप्रकल्प आहे. पूर्वजांच्या कथा सांगताना त्यांच्या कौशल्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. मात्र भिंतीवरच्या मुखवट्यांची संख्या हे त्या कौशल्याचे माप मानू नये, असे आम्हांस वाटते. दहा वाघ मारणारा आणि एक जखमी वाघ शोधण्यासाठी रात्रभर रान तुडविणारा, यांत शिस्त कोणाची मोठी हे उघड आहे.

एकबारी रायफलीची परंपरा मात्र शिकारीबरोबर संपलेली नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील रायफल एका वेळी एकच काडतूस घेते. तिच्यावर दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळ छिद्र आणि नळीच्या टोकाला नळकांड्यातले कडे, म्हणजे क्रीडमोरच्या मैदानावर दीडशे वर्षांपूर्वी होती तीच व्यवस्था. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, श्वास आवरून, एकेक बार मोजून मारावयाचा. समोर नुसते वर्तुळ असते, आणि जीव कोणाचाच जात नाही.

कपाटातील जुनी रायफल पुढच्या पिढीच्या हाती देताना तिच्याबरोबर एवढी माहिती दिली तर बरे: ही पाने कशाची, ही माशी हस्तिदंताची का, हा आकडा कोणत्या अंतराचा. आणि तिने शेवटचा बार कधी व कशावर टाकला हे घरात कोणास आठवत असेल, तर तेही कौतुकाची झालर न लावता लिहून ठेवावे. पुढच्यांना पूर्वजांचा नेमही कळेल आणि त्यांची शिस्तही.